डेटाबेसचं लीव्ह अँड लायसन्स

पुण्या-मुंबईत भाड्याच्या घरात राहिलेल्या प्रत्येकाने एकदा तरी 'लीव्ह अँड लायसन्स'च्या कागदांवर सही केलेली असते. अकरा महिन्यांचा करार, दोन साक्षीदार, डिपॉझिट, एजंटची दक्षिणा, सगळं यथासांग. पण त्या कागदांतली एक गंमत बहुतेक जण वाचतच नाहीत. कायद्याच्या भाषेत तुम्ही तिथे भाडेकरू नसताच, तुम्ही 'लायसन्सी' असता. १८८२ च्या ईझमेंट्स अ‍ॅक्टच्या ५२ व्या कलमात लायसन्सची व्याख्या आहे. तिचा मथितार्थ इतकाच, की दुसऱ्याच्या जागेत जी गोष्ट करणं एरवी बेकायदा ठरलं असतं, ती करण्याची परवानगी. जागेवर हक्क वगैरे काही नाही. पडदे तुमचे, भिंती त्यांच्या.

सॉफ्टवेअरचं लायसन्सही नेमकं हेच असतं. आणि ते सगळ्यात जास्त बोचतं ते डेटाबेस इंजिनच्या बाबतीत. वर्ड प्रोसेसर बदलला तर चार दिवस चिडचिड होते आणि मग हात बसतो. डेटाबेस बदलायचा म्हणजे बिऱ्हाड हलवणं, तेही आजीच्या लोखंडी कपाटासकट.

मी पोटापाण्यासाठी जी अ‍ॅप्लिकेशन्स लिहीत आलोय ती काही फार ग्लॅमरस नाहीत. दहा, पंधरा, पंचवीस माणसांचं ऑफिस. बिलं, सभासद, पगार, आवक-जावक. सगळ्यांनी एकाच वेळी एकाच डेटावर काम करायचं, बस. असल्या कामाला 'कुठलं इंजिन घ्यायचं?' हा प्रश्न प्रत्येक वेळी येतो, आणि प्रत्येक वेळी चर्चा वेगावर सुरू होऊन लायसन्सवर संपते. ही चर्चा आहे तरी किती जुनी, म्हणून मागे मागे जात वाचत गेलो. आजचा लेख त्याचाच.

तर सुरुवात १९७० पासून. आयबीएमच्या सॅन होजे प्रयोगशाळेत एडगर कॉड नावाचा गणिती होता. त्याने त्या वर्षी रिलेशनल मॉडेलवरचा प्रसिद्ध निबंध छापला. डेटा डिस्कवर कुठे, कसा ठेवलाय याची वापरणाऱ्याला फिकीर नको, त्याने फक्त काय हवंय ते सांगावं, ही त्यातली मूळ कल्पना. १९७४ मध्ये आयबीएममधल्याच चेंबरलिन आणि बॉइस यांनी त्यासाठी सीक्वेल ही भाषा मांडली. तीच पुढे एसक्यूएल झाली. पण आयबीएमने ते बाजारात आणायला इतका वेळ लावला, की लॅरी एलिसन, बॉब मायनर आणि एड ओट्स या तिघांनी १९७७ मध्ये कंपनी काढून १९७९ मध्ये ओरॅकल विकायला काढलंसुद्धा. त्या पहिल्या आवृत्तीचा नंबर होता दोन! पहिल्या आवृत्तीवर गिऱ्हाइकाचा विश्वास बसत नाही, हे त्यांना तेव्हाच कळलं होतं.

तिकडे पश्चिम किनाऱ्यावरच, नासासाठी काम करणाऱ्या जेट प्रॉपल्शन लॅबोरेटरीत वेन रॅटलिफ नावाचा इंजिनियर होता. ऑफिसातल्या फुटबॉलच्या पैजांचा हिशेब ठेवायला त्याने घरच्या मायक्रोकॉम्प्युटरवर एक प्रोग्रॅम लिहिला. प्रेरणा होती लॅबमधली जेपीएलडीआयएस नावाची प्रणाली. प्रोग्रॅमचं नाव व्हल्कन. जॉर्ज टेट आणि हॅल लॅशली यांनी तो विकायला घेतला आणि नाव दिलं डीबेस टू. हाही पहिलाच, आणि हाही 'टू'! कंपनीचं नाव अ‍ॅश्टन-टेट. यातला टेट खरा, अ‍ॅश्टन नावाचा भागीदार अस्तित्वातच नव्हता. कानाला बरं वाटतं म्हणून जोडलेलं.

म्हणजे बघा, १९८० च्या आसपास डेटाबेसची दोन घराणी तयार झाली होती. एक मोठ्या यंत्रावर बसलेलं, महागडं, कॉडच्या गणिताचा वारसा सांगणारं. दुसरं टेबलावरच्या पीसीवर चालणारं आणि दुकानदारालाही जमणारं. छोट्या ऑफिसांनी अर्थातच दुसरं उचललं. डीबेस, मग त्याच वळणाची फॉक्सबेस, फॉक्सप्रो आणि क्लिपर. क्लिपरची मोहिनी तर खास होती. तुमचा प्रोग्रॅम तो कंपाइल करून थेट ईएक्सई हातात द्यायचा. म्हणजे गिऱ्हाइकाच्या प्रत्येक मशीनसाठी डीबेसची वेगळी प्रत घ्यायला नको. आज ही तांत्रिक सोय वाटते, पण खरं तर तो लायसन्सचा प्रश्न सुटला होता.

आपल्याकडे १९९० च्या दशकात हेच राज्य होतं. कॉम्प्युटरच्या क्लासला जाणारा प्रत्येक जण फॉक्सप्रो शिकायचा. लायसन्स हा शब्द मात्र अनेक ऑफिसांत कोणी तोंडातून काढत नसे. फ्लॉपीवरून फ्लॉपीवर. १९९४ मध्ये कॉपीराइट कायद्यात दुरुस्ती होऊन ६३ब हे कलम आलं. सॉफ्टवेअरची चोरटी प्रत जाणूनबुजून वापरली, तर किमान सात दिवस ते तीन वर्षं कैद आणि पन्नास हजार ते दोन लाख रुपये दंड. (व्यवसायासाठी वापर नसेल तर न्यायालय सूट देऊ शकतं, तो भाग वेगळा.) थोडक्यात काय, तर 'आम्ही फक्त वापरतोय, विकत थोडेच आहोत' ही पळवाट तेव्हाच बंद झालेली आहे.

पण या सगळ्या पीसीवरच्या इंजिनांत एक मूळ अडचण होती. ती समजली की पुढचा निम्मा इतिहास आपोआप समजतो.

माझ्या सुरुवातीच्या नोकरीतलं एक ऑफिस आठवतं. नॉव्हेल नेटवेअरचं नेटवर्क, फॉक्सप्रोचं अ‍ॅप्लिकेशन, बारा टर्मिनलं. रोज संध्याकाळी पाचच्या सुमारास हेडक्लार्क खुर्चीवरून उठून ओरडायचे, "सगळ्यांनी बाहेर पडा, रीइंडेक्स करायचंय!" मग सगळे अ‍ॅप्लिकेशन बंद करून चहाला. दहा मिनिटांनी परत. हे रोजचं. नवीन लागलेल्या मुलाला वाटायचं की ही चहाची अधिकृत सुट्टीच आहे.

हे का व्हायचं? कारण त्या व्यवस्थेत 'सर्व्हर' नावाची वस्तू खरं तर नुसतं कपाट होती. कपाटात खतावणी ठेवलेली. प्रत्येक कारकून कपाट उघडून खतावणीची हवी ती पानं आपल्या टेबलावर आणणार, तिथे वाचणार, तिथेच खाडाखोड करणार आणि पानं परत ठेवणार. डेटाबेस इंजिन चालायचं ते त्या बारा टर्मिनलांवर, बारा ठिकाणी. एकाने पान उचललं की 'हे माझ्याकडे आहे' अशी चिठ्ठी, म्हणजे लॉक, लावायची. बाकीच्यांनी ती पाळायची. एखादी गोष्ट इंडेक्सशिवाय शोधायची झाली, तर अख्खी फाइल नेटवर्कवरून आपल्या टेबलावर ओढायची.

आणि मग लाइट जायची. कपाटाला, म्हणजे सर्व्हरला, यूपीएस होता. टर्मिनलांना कुठला? इंडेक्सची तीन पानं बदलायची होती, दोन लिहून झाली आणि मशीन गेलं. आता इंडेक्स म्हणतो एक आणि डेटा म्हणतो दुसरंच. चूक कारकुनाची नाही, प्रोग्रॅमरचीही नाही. रचनाच तशी.

क्लायंट-सर्व्हर रचनेत कपाटाच्या पुढे एक खिडकी येते आणि खिडकीत एकच माणूस बसतो. 'अमुक सभासदाची बाकी सांगा', 'तमुक रक्कम जमा करा', असं तुम्ही म्हणायचं. खतावणीला हात फक्त तो लावणार. तुमची लाइट गेली, तर अर्धवट राहिलेला व्यवहार तो रद्द करतो आणि खतावणी होती तशी राहते. त्याची स्वतःची लाइट गेली, तरी आधी रोजनाम्यात लिहिल्याशिवाय खतावणीत काही चढवायचं नाही अशी त्याची शिस्त असते, त्यामुळे परत आल्यावर तो जुळवून घेतो. ट्रान्झॅक्शन लॉग म्हणतात तो हाच रोजनामा. ओरॅकल, इन्ग्रेस, सायबेस ही मंडळी या जातीतली. फक्त या खिडकीतल्या माणसाचा पगार छोट्या ऑफिसाला परवडत नव्हता.

आणि गंमत म्हणजे खिडकी आली, की माणसं मोजायची सोय झाली! कपाटाला किती जण हात लावतात हे कपाट सांगत नाही. खिडकीवर किती जण आले, हे खिडकीतल्याला बरोबर ठाऊक असतं. लायसन्सचं खरं गणित इथून सुरू झालं.

त्याआधी डीबेसचं पुढे काय झालं ते सांगतो, कारण ती कथा फार शिकवते. १९८८ मध्ये अ‍ॅश्टन-टेटने फॉक्स सॉफ्टवेअरवर दावा ठोकला, की तुम्ही आमची भाषा उचललीत. आता एखाद्या प्रोग्रॅमिंग भाषेची मालकी सांगता येते का? लाखो ओळी त्या भाषेत लिहून बसलेल्या प्रोग्रॅमरांच्या पोटात गोळा आला. डिसेंबर १९९० मध्ये न्यायाधीश टेरी हॅटर यांनी निकाल दिला, की अ‍ॅश्टन-टेटचा कॉपीराइटच ग्राह्य नाही, कारण डीबेसचं मूळ जेपीएलडीआयएसमध्ये आहे हे त्यांनी नोंदणी करताना लपवलं. काही महिन्यांनी त्यांनी स्वतःच हा निकाल मागे घेतला. तोवर १९९१ मध्ये बोरलँडने अ‍ॅश्टन-टेट विकत घ्यायला काढली, आणि अमेरिकन न्यायखात्याने विक्रीला मान्यता देताना अट घातली, की डीबेस भाषेवर असा कॉपीराइटचा दावा लावायचा नाही. पुढच्याच वर्षी, १९९२ मध्ये, मायक्रोसॉफ्टने फॉक्स विकत घेतली. २००७ मध्ये त्यांनी व्हिज्युअल फॉक्सप्रोची नवी आवृत्ती येणार नाही असं जाहीर केलं आणि २०१५ च्या जानेवारीत आधारही संपला.

कंपनी गेली, खटला गेला, उत्पादन गेलं. राहिलं काय? डीबीएफ फाइल. तिची रचना इतकी साधी आणि सर्वज्ञात होती, की आजही लिबरऑफिस ती उघडतं, आणि नकाशे करणाऱ्या मंडळींच्या शेपफाइलमधला माहितीचा तक्ता आजही डीबीएफच असतो. इंजिनापेक्षा फॉरमॅटचं आयुष्य जास्त निघालं.

आता मायक्रोसॉफ्टकडे. नोव्हेंबर १९९२ मध्ये अ‍ॅक्सेस आलं आणि त्याच्या पोटातलं जेट इंजिन १९९३ मध्ये व्हिज्युअल बेसिक ३ बरोबरही मिळू लागलं. प्रोग्रॅमसोबत जेट गिऱ्हाइकाला फुकट देता यायचं. ऑफिसं तुटून पडली. कागदावर एका वेळी २५५ जण आणि अ‍ॅक्सेस २००० पासून फाइल २ जीबीपर्यंत. पण जात कपाटाचीच! ज्यांनी पंधरा-वीस माणसं एका एमडीबी फाइलवर बसवली आहेत, त्यांना 'रिपेअर अँड कॉम्पॅक्ट' हा मंत्र झोपेतही आठवेल.

यावरचा उतारा म्हणून १९९८-९९ च्या सुमारास एसक्यूएल सर्व्हर ७ सोबत एमएसडीई आलं. इंजिन खरंखुरं खिडकीवालं, किंमत शून्य. मग मेख कुठे? डेटाबेस २ जीबीपर्यंतच, आणि साधारण पाचांहून जास्त कामं एकदम आली की इंजिन मुद्दाम हळू चालणार. त्यासाठी आत चक्क एक 'गव्हर्नर' बसवला होता. एसटीच्या इंजिनाला वेगमर्यादेसाठी लावतात तसाच. पुढे एसक्यूएल सर्व्हर २००५ एक्सप्रेसमध्ये गव्हर्नर गेला आणि मर्यादा ४ जीबी झाली. २००८ आर२ मध्ये १० जीबी, आणि २०२५ च्या आवृत्तीत ५० जीबी. मोफत खोली मोठी होत गेली, पण खोलीच.

एमएसडीईची एक काळी बाजूही सांगायला हवी. ते इतर सॉफ्टवेअरच्या पोटातून इतक्या मशीनवर गेलं होतं, की आपल्याकडे डेटाबेस सर्व्हर चालू आहे हेच अनेकांना माहीत नव्हतं. २५ जानेवारी २००३ ला स्लॅमर नावाचा वर्म सुटला. आकार फक्त ३७६ बाइट. सुरुवातीला दर साडेआठ सेकंदांना दुप्पट होत त्याने दहा मिनिटांत बहुतेक सगळी कच्ची मशीनं गाठली. अमेरिकेत बँक ऑफ अमेरिकाची एटीएम अडली. त्या भोकाचं ठिगळ जुलै २००२ मध्येच उपलब्ध होतं. पण घरात राहणारा पाहुणा माहीतच नसेल, तर त्याला औषध कोण देणार?

फुकटाच्या पलीकडे गेलात की मोजणी सुरू. मायक्रोसॉफ्टची जुनी पद्धत सर्व्हर अधिक कॅल, म्हणजे क्लायंट अ‍ॅक्सेस लायसन्स. कॅल माणसाचं किंवा यंत्राचं. एका कॉल सेंटरमध्ये दहा मशीनं आणि तीन पाळ्यांत मिळून तीस माणसं असतील, तर यंत्राची दहा घ्या, माणसांची तीस कशाला? उलट सेल्सचा माणूस ऑफिसात, लॅपटॉपवर आणि मोबाइलवरही बघणार असेल, तर माणसाचं एक घ्या. इथे आपल्यासारख्या हुशार लोकांना हमखास एक युक्ती सुचते. मध्ये एक वेब सर्व्हर टाकायचा, डेटाबेसला तो एकटाच दिसेल, म्हणजे कॅलही एकच! लायसन्स लिहिणाऱ्यांना हे आधीच सुचलंय. त्याला ते मल्टिप्लेक्सिंग म्हणतात, आणि मध्ये कितीही थर घातले तरी शेवटी वापरणारी माणसंच मोजतात. वेबसाइटवर माणसं मोजताच येत नाहीत, म्हणून दुसरा पर्याय प्रोसेसरवर आकारणी. मग एका प्रोसेसरमध्ये चार, आठ, सोळा कोर येऊ लागले. विक्रेत्याच्या दृष्टीने एका भाड्यात सोळा भाडेकरू! एसक्यूएल सर्व्हर २०१२ पासून मोजणी कोरवर आली, आणि प्रत्येक प्रोसेसरमागे किमान चार कोरचे पैसे.

मोजणी चुकली तर काय होतं याचं मोठं उदाहरण कॅलिफोर्निया राज्याचं. मे २००१ मध्ये राज्य सरकारने मध्यस्थ कंपनीमार्फत ओरॅकलशी सहा वर्षांचा, सुमारे ९.५ कोटी डॉलरचा करार केला. दोन लाख सत्तर हजार वापरकर्त्यांसाठी. एप्रिल २००२ मध्ये राज्याच्या ऑडिटरचा अहवाल आला, की इतक्या लायसन्सची गरज आहे का हे धड तपासलंच नाही आणि बचत होण्याऐवजी राज्याला चार कोटी डॉलरच्या वर भुर्दंड पडू शकतो. आरडाओरडा झाला, काहींच्या खुर्च्या गेल्या आणि त्याच वर्षी करार रद्द झाला. ओरॅकल डेटाबेस म्हणून वाईट होता असं कोणीच म्हटलं नव्हतं, हे लक्षात घ्या. प्रश्न होता, 'किती जणांसाठी?' हा.

तेवढ्यात ओपन सोर्सचा वारा सुटला होता. जुलै २००० मध्ये बोरलँडने आपल्या इंटरबेस या जुन्या, गुणी इंजिनाचा सोर्स कोड खुला केला. त्यातूनच फायरबर्ड जन्माला आलं. छोट्या ऑफिसाला अगदी साजेसं इंजिन. लोक कोड वाचू लागले, आणि जानेवारी २००१ मध्ये त्यात सापडलं काय? एक चोरदरवाजा! युझरनेम 'पॉलिटिकली', पासवर्ड 'करेक्ट'. तो कोडमध्येच लिहिलेला होता आणि १९९४ पासूनच्या आवृत्त्यांत होता. म्हणजे सहाएक वर्षं कुठलाही इंटरबेस सर्व्हर कोणालाही उघडता येत होता. बंद कोडमध्ये तो कोणाला दिसला नाही, खुला झाल्यावर सहा महिन्यांत दिसला. लायसन्सचा सुरक्षेशी काय संबंध, असं विचारणाऱ्याला मी हीच गोष्ट सांगतो.

मायएसक्यूएलचं प्रकरण वेगळं. २००० मध्ये ते जीपीएलखाली आलं. 'फुकट आहे' एवढंच ऐकून सगळे धावले. पण जीपीएलची खोच अशी, की कंपनीच्या आत हवं तेवढं वापरा, कोणी विचारणार नाही. मात्र त्याच्याशी जोडलेलं तुमचं सॉफ्टवेअर तुम्ही दुसऱ्याला वाटलंत, तर तुमचा कोडही खुला करण्याचा प्रश्न उभा राहतो. आवृत्ती ४ मध्ये त्यांनी क्लायंट लायब्ररीसुद्धा सौम्य एलजीपीएलवरून जीपीएलवर नेली. पीएचपीवाल्यांची मोठी पंचाईत झाली, तेव्हा २००४ मध्ये ओपन सोर्स प्रकल्पांपुरता अपवाद जाहीर करावा लागला. बंद कोडचं पॅकेज विकायचंय? मग व्यापारी लायसन्स विकत घ्या. धंदा त्यावरच चालला होता. आणि मालक? २००५ मध्ये ओरॅकलने इन्नोबेस ही कंपनी घेतली. मायएसक्यूएलला भरवशाचे ट्रान्झॅक्शन देणारं इन्नोडीबी तिचं. २००८ मध्ये सनने मायएसक्यूएल एक अब्ज डॉलरला घेतलं, आणि २०१० मध्ये सनच ओरॅकलच्या पोटात गेली. म्हणजे ओरॅकल नको म्हणून मायएसक्यूएल घेतलेले लोक जागचे न हलता ओरॅकलच्या घरात राहायला आले! मूळ लेखक मॉन्टी विडेनियस यांनी २००९ मध्येच मारियाडीबी ही वेगळी चूल मांडली. ती मांडता आली, कारण जीपीएलने तेवढी मुभा आधीच दिलेली होती. मालक बदलल्यावरच लायसन्सची खरी किंमत कळते, ती अशी.

पोस्टग्रेसला तर मालकच नाही. बर्कलीत मायकेल स्टोनब्रेकर यांनी १९७० च्या दशकात इन्ग्रेस केलं आणि १९८६ मध्ये त्याच्या पुढचं म्हणून पोस्टग्रेस सुरू केलं. अँड्र्यू यू आणि जॉली चेन या विद्यार्थ्यांनी त्याला एसक्यूएल शिकवलं आणि १९९६ मध्ये नाव झालं पोस्टग्रेएसक्यूएल. लायसन्स चार परिच्छेदांचं: वापरा, बदला, विका, फक्त आमचं नाव काढू नका आणि आम्हाला कोर्टात ओढू नका. इन्ग्रेसवर काम केलेल्या बॉब एपस्टाइन यांनी सायबेस काढली आणि तिच्याच कोडमधून मायक्रोसॉफ्टचं एसक्यूएल सर्व्हर निघालं. म्हणजे एक विकत आणि एक फुकट, दोघं चुलत भावंडंच. मग आपल्या छोट्या ऑफिसांनी पोस्टग्रेस आधीच का नाही उचललं? कारण ती सगळी विंडोजवर होती, आणि विंडोजवर सरळ चालणारं पोस्टग्रेस जानेवारी २००५ मध्ये, आवृत्ती ८ सोबत आलं. तोवर गाडी निघून गेली होती.

आता थोडं आपल्या भाषेविषयी, कारण ऑफिस महाराष्ट्रातलं असेल तर डेटाही मराठी असतो. पुण्याच्या सी-डॅकने जिस्ट कार्ड आणून डॉसच्या जमान्यातच देवनागरी शक्य केली. त्यासाठी इस्की नावाचा मानक संकेतही होता, १९९१ चा. पण विंडोज आल्यावर अनेक पॅकेजं फॉन्टचे खाजगी संकेत वापरू लागली. काही वर्षांपूर्वी एका पतसंस्थेचं काम आमच्याकडे आलं. पंधराएक वर्षांचा डेटा, सॉफ्टवेअर देणारा धंदा बंद करून केव्हाच गेलेला. त्याच्या अ‍ॅप्लिकेशनचं डोंगल मेलं आणि संस्था अडली. सभासद ठेव मोडायला काउंटरवर उभे आणि कर्मचारी जुन्या छापील याद्या चाळतायत.

आत डीबीएफ निघाल्या. ३२ बाइटचं शीर्षक, मग प्रत्येक रकान्याला ३२ बाइट, पुढे सरळ नोंदी. रकमा आणि तारखा एका दुपारी बाहेर काढल्या. पण नावं? सगळी फॉन्टच्या खाजगी संकेतात. पडद्यावर रोमन अक्षरांचा नुसता काला. 'ज्ञानेश्वर' कुठला आणि 'धनेश्वर' कुठला कोण सांगणार? जुना फॉन्ट मिळवून, एकेक अक्षरखूण जुळवत तक्ता केला, आणि मग संस्थेतल्या एका निवृत्त लिपिक बाईंनी बसून संशयास्पद नावं छापील यादीशी ताडून पाहिली. इंजिन बदलायला दोन दिवस लागले, नावं परत मिळवायला सहा आठवडे. वारस म्हणून ज्या बाईचं नाव लागलंय, ते नाव बरोबर वाचता येणं ही काही तांत्रिक चैन नाही. तिचे पैसे त्यावर अडतात.

म्हणून हल्ली कोणी 'कुठला डेटाबेस घेऊ?' म्हणून विचारलं, की मी वेगाच्या गप्पा बाजूला ठेवतो आणि पाच गोष्टी विचारतो.

एक, कपाट की खिडकी? एकट्याचं काम असेल तर एसक्यूलाइटसारखी नितांत सुंदर वस्तू नाही. रिचर्ड हिप यांनी २००० मध्ये लिहिलेलं, आणि कॉपीराइटच सोडून दिलेलं. पण फाइल नेटवर्कवर ठेवून दहा जणांनी उघडायची असेल तर नको, हे त्यांची कागदपत्रंच सांगतात. दुसरं, मोजणी कशावर आहे: माणूस, यंत्र, कोर की जीबी? आणि तुमच्या ऑफिसात यातलं सगळ्यात भराभर काय वाढतंय? जे वाढतंय त्यावर मोजणी असेल, तर आजचं फुकट उद्याचं सगळ्यात महाग. तिसरं, अ‍ॅप्लिकेशन घरात वापरणार की विकणार? त्यावर जीपीएल गोड की कडू ते ठरतं. चौथं, मालक बदलला तर काय? 'तो मोठा आहे, तो कशाला बदलेल' हे उत्तर नाही. मोंगोडीबीने २०१८ मध्ये लायसन्स बदललं, रेडिसने २०२४ मध्ये बदललं आणि २०२५ मध्ये पुन्हा खुल्या लायसन्सचा पर्याय दिला.

पाचवं, आणि माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचं: बाहेर कसं पडणार? डेटा युनिकोडमध्ये, साध्या मजकुराच्या रूपात, सगळ्या नात्यांसकट बाहेर काढता येतो का? 'येतो' असं सेल्सवाला म्हणाला तर पुरत नाही. एकदा काढून, दुसऱ्या रिकाम्या मशीनवर, दुसऱ्या इंजिनात चढवून, दोन्हीकडची जमा-नावे बेरीज जुळवून बघायची.

आता तुम्ही म्हणाल, सरळ पोस्टग्रेस घ्या म्हणून मोकळे व्हा ना! बहुतेक वेळा मी तेच सांगतोही. पण फुकट इंजिनाला बॅकअप घेणारा, तो परत चढवून बघणारा, रात्री फोन उचलणारा माणूस लागतो आणि तो फुकट नसतो. जिथे असा माणूस नाही आणि ऑफिसच्या आयटीवाल्याला एसक्यूएल सर्व्हर हातच्या मळासारखा येतो, तिथे एक्सप्रेस घालून वर्षानुवर्षं निवांत असलेली ऑफिसंही मी पाहिली आहेत. त्यांना उगाच तत्त्वज्ञान सांगायला मी जात नाही. फक्त तो पाचवा प्रयोग वर्षातून एकदा करायला लावतो, मार्चअखेरचे हिशेब मिटले की लगेच.

असो. लेख भलताच लांबला. तुमच्या ऑफिसातलं अ‍ॅप्लिकेशन कुठल्या इंजिनावर चालतंय आणि त्याची मोजणी कशावर आहे, हे सोमवारी जाऊन एकदा विचारून बघा. तीन जणांना विचारलंत तर तीन उत्तरं येतील, हे आधीच सांगून ठेवतो.